मोटार पडद्यावर, मालकी दफ्तरात

स्वातंत्र्यानंतरच्या पहिल्या तीन-साडेतीन दशकांत मुंबईतील मध्यमवर्गीय गृहस्थाला मोटार घ्यावयाची झाल्यास त्याच्यापुढे निवडीचा प्रश्न फारसा उभा राहत नसे. वालचंद हिराचंद यांच्या उद्योगसमूहाने १९४४ साली स्थापन केलेल्या प्रीमियर कंपनीच्या कुर्ल्याच्या कारखान्यातून बाहेर पडणारी फियाट, किंवा बंगालमधून येणारी अँबॅसडर, या दोहोंपैकी एकीसाठी अनामत भरून नाव नोंदवावे आणि आपला क्रमांक लागेपर्यंत वर्षानुवर्षे वाट पाहावी, हाच त्या काळचा राजमार्ग होता. त्याच महाराष्ट्रात ३० जुलै २०२२ रोजी महिंद्र कंपनीने आपल्या ‘स्कॉर्पिओ-एन’ या गाडीची आगाऊ नोंदणी ऑनलाइन खुली केली, तेव्हा पहिल्या एका मिनिटात २५,००० आणि अर्ध्या तासात १,००,००० मागण्या नोंदल्या गेल्या. चाकणच्या कारखान्यातून गाड्या त्या वेगाने बाहेर पडणे अर्थातच शक्य नव्हते, आणि अनेकांना पुढे कित्येक महिने थांबावे लागले. परंतु लक्षावधी रुपयांच्या वस्तूसाठी, ती न पाहता, न हाताळता, दूरध्वनीच्या पडद्यावर बोट टेकवून इसार देणारा इतका मोठा ग्राहकवर्ग आपल्याकडे तयार झाला आहे, ही गोष्ट त्या अर्ध्या तासाने निःसंशय सिद्ध केली.

नव्या गाडीच्या बाबतीत या धाडसाला आधार आहे. कारखाना प्रसिद्ध, किंमत जाहीर, हमी लेखी. खरा विचार करावयाचा तो वापरलेल्या गाडीचा, कारण गोरेगावच्या मोतीलालनगरातील किंवा उन्नतनगरातील एखादे कुटुंब आयुष्यातील पहिली मोटार घेते तेव्हा ती पुष्कळदा दुसऱ्याच्या हातची असते, आणि हा व्यवहार गेल्या दोन दशकांत मुळापासून पालटला आहे. पूर्वी जुनी गाडी ओळखीतून मिळे. इमारतीतल्या शेजाऱ्याची, कचेरीतल्या साहेबाची, अथवा स्वामी विवेकानंद मार्गावरील ज्या गॅरेजात ती वर्षानुवर्षे दुरुस्तीला येई तेथल्या मेकॅनिकने सुचवलेली. आणि विकणारा मनुष्य उद्याही त्याच रस्त्यावर भेटणार, ही जाणीव दोन्ही पक्षांना सचोटीने वागावयास लावी. २००५ साली ‘कारवाले’ आणि २००९ साली ‘कारट्रेड’ ही संकेतस्थळे निघाली, २०१५ मध्ये दुसरीने पहिली विकत घेतली, त्याच वर्षी उत्तर भारतात ‘कार्स-२४’ आणि ‘स्पिनी’ यांचा जन्म झाला, आणि ‘ओएलएक्स’वर तर कोणीही आपल्या गाडीची चार छायाचित्रे टाकून गिऱ्हाइकाची वाट पाहू लागला. निवड शतपटीने वाढली. विकणारा मात्र अनोळखी झाला. परिचयाने जी शाश्वती मिळत असे तिची जागा आता कशाने भरून काढावयाची, हा या लेखाचा विषय आहे, आणि माझे उत्तर असे की ती जागा भरून काढणारी वस्तू छायाचित्रांत नसून सरकारी दफ्तरातील नोंदीत आहे.

कारण ऑनलाइन व्यवहारात मनुष्य ज्या गोष्टीकडे सर्वांत अधिक वेळ पाहतो ती गाडीची चित्रे, आणि ज्या गोष्टीकडे सर्वांत कमी पाहतो ती तिची मालकी. घड्याळ किंवा कपाट विकत घेतल्यावर पैसे दिले आणि वस्तू ताब्यात आली की व्यवहार संपतो. मोटारीचे तसे नाही. मोटार वाहन अधिनियम, १९८८ याच्या कलम २ (३०) मध्ये ‘मालक’ कोणास म्हणावे हे सांगितले असून, ज्याच्या नावावर वाहनाची नोंदणी आहे तो मालक, असा त्याचा आशय आहे. मूल्य कोणी दिले आणि किल्ली कोणाच्या खिशात आहे याला ते कलम महत्त्व देत नाही. या व्याख्येचा अर्थ किती दूरवर पोहोचतो हे सर्वोच्च न्यायालयाने ‘नवीनकुमार विरुद्ध विजयकुमार’ या खटल्यात फेब्रुवारी २०१८ मध्ये स्पष्ट केले. मूळ मालकाने आपली मोटार २००७ साली विकली होती, ती पुढे आणखी हातांतून गेली, आणि २००९ च्या मे महिन्यात तिच्या धडकेने मृत्यू ओढवला. परंतु मधल्या काळात कोणीच नोंदणी आपल्या नावावर करून घेतलेली नव्हती. न्यायालयाने भरपाईचे दायित्व दफ्तरी ज्याचे नाव होते त्या पहिल्या मालकावर ठेवले. अपघातात सापडलेल्या माणसाने गाडी कोणी कोणास कधी विकली याचा शोध घेत फिरावे, अशी अपेक्षा कायदा करू शकत नाही, हा त्या निर्णयामागचा विचार होता, आणि तो मला सर्वथा न्याय्य वाटतो.

म्हणूनच कलम ५० ने दोघांवरही कर्तव्य टाकले आहे, ही गोष्ट फार थोड्या लोकांना ठाऊक असते. गाडी त्याच राज्यात विकली असेल तर विक्रेत्याने १४ दिवसांच्या आत नोंदणी प्राधिकाऱ्याला हस्तांतराची खबर द्यावयाची असते आणि तिची प्रत खरेदीदाराकडे पाठवावयाची असते. खरेदीदाराने ३० दिवसांच्या आत आपला अर्ज करावयाचा असतो. नमुना क्रमांक २९ हा खबरेचा, नमुना क्रमांक ३० हा हस्तांतराच्या अर्जाचा. एवढी साधी ही रचना असताना प्रत्यक्षात काय घडते ते पाहावे. विक्रेता पैसे मोजून घेतो, या दोन्ही नमुन्यांवर कोऱ्या सह्या करून देतो, आणि ‘नावावर तुम्ही करून घ्या’ असे सांगून मोकळा होतो. मध्ये एखादा दलाल असेल तर तो या कोऱ्या सह्या जपून ठेवतो, कारण आपल्या नावावर गाडी न चढवता ती पुढच्या गिऱ्हाइकाला विकता येणे, यातच त्याची सोय असते. दलालाच्या दारात उभी असलेली, चाचणीच्या निमित्ताने दहा अनोळखी लोकांच्या हातांतून फिरणारी ती मोटार कायद्याच्या दृष्टीने अजून मूळ मालकाचीच असते. वेगमर्यादेच्या उल्लंघनाचे ई-चलान त्याच्याच दूरध्वनीवर येते, आणि अपघात झाला तर न्यायाधिकरणाचे समन्सही त्याच्याच पत्त्यावर.

या दुखण्यावर केंद्र सरकारने २२ डिसेंबर २०२२ च्या अधिसूचनेने एक उपाय योजला, आणि तो १ एप्रिल २०२३ पासून अमलात आला. वापरलेल्या गाड्यांचा व्यापार करणाऱ्याने नोंदणी प्राधिकाऱ्याकडून अधिकारपत्र घ्यावे. मालकाने त्याच्या ताब्यात गाडी दिली की त्याची खबर परिवहन संकेतस्थळावर नमुना २९ च्या मालिकेतील ठरलेल्या नमुन्यात द्यावी. आणि ती खबर पोहोचली की पुढची विक्री होईपर्यंत त्या व्यापाऱ्यालाच मालक समजावे, असे त्या नियमांचे सार आहे. अशी गाडी व्यापाऱ्याने केवळ चाचणी, दुरुस्ती, रंगकाम यांसारख्या ठरावीक कारणांसाठीच रस्त्यावर काढावी, आणि प्रत्येक फेरीची नोंद ठेवावी, असेही बंधन आहे. हे नियम उत्तम आहेत. परंतु त्यांचा लाभ अधिकारपत्र असलेल्या व्यापाऱ्याशी व्यवहार केला तरच मिळतो. म्हणून एखाद्या संकेतस्थळाला आपली गाडी देताना, ते कितीही नामांकित असले तरी, ‘तुमचे अधिकारपत्र दाखवा, आणि ताबा दिल्याची खबर माझ्यासमोर भरा’ असे सांगण्यात संकोच बाळगू नये. तो आपला हक्क आहे.

आता खरेदीदाराच्या बाजूने पाहू. शेतजमीन घेणारा मनुष्य शेतातले पीक पाहून सौदा करीत नाही. तो आधी तलाठ्याकडचा सातबारा पाहतो, इतर हक्कांच्या रकान्यात कोणत्या बँकेचा बोजा चढलेला आहे ते तपासतो, आणि मगच बांधावर जातो. मोटारीचा सातबारा आज कोणालाही घरबसल्या पाहता येतो, ही या युगाची खरी देणगी होय, आणि ऑनलाइन खरेदीच्या जाहिरातींत जिचा उल्लेखही सापडत नाही अशी देणगी होय. केंद्र सरकारच्या ‘वाहन’ संकेतस्थळावर किंवा ‘एम-परिवहन’ या ॲपवर आपला मोबाइल क्रमांक नोंदवून गाडीचा क्रमांक टाकला की नोंदणीची तारीख, उत्पादनाचा महिना व वर्ष, इंधनाचा प्रकार, सध्याचा मालक कितवा, विम्याची व पीयूसीची मुदत, कर्ज आहे की नाही आणि गाडी काळ्या यादीत टाकली आहे काय, ही माहिती समोर येते. मालकाचे नाव पूर्ण दिसत नाही, काही अक्षरे झाकलेली असतात. पण जो मनुष्य आपण मालक आहोत असे सांगतो त्याच्या नावाशी उरलेली अक्षरे जुळतात की नाही, एवढे त्यावरून नक्कीच कळते.

यांपैकी कर्जाची नोंद सर्वांत महत्त्वाची, म्हणून तिच्याविषयी थोडे विस्ताराने लिहितो. बँकेने कर्ज देताना गाडी तारण घेतलेली असते आणि तो बोजा नोंदणीपत्रावर चढवलेला असतो; बोलण्यात याला ‘एचपी’ असे म्हणतात. कर्ज फिटले म्हणजे एचपी आपोआप उतरते असा पुष्कळांचा समज असतो, तो चुकीचा आहे. बँकेचे ना-हरकत पत्र आणि दोन्ही पक्षांच्या सह्यांचा नमुना क्रमांक ३५ दाखल करावा लागतो, तेव्हा ती नोंद कमी होते. तोपर्यंत गाडी नावावर होत नाही. विक्रेत्याचे कर्ज अद्याप शिल्लक असेल तर सुरक्षित मार्ग एकच : बँकेकडून शिल्लक रकमेचे पत्र मागवावे, तेवढी रक्कम सरळ बँकेच्या कर्जखात्यात भरावी, आणि उरलेले पैसे ना-हरकत पत्र हाती आल्यावर विक्रेत्यास द्यावे. ‘तुम्ही मला पूर्ण पैसे द्या, मी उद्या बँकेत भरतो’ या वाक्यावर विश्वास ठेवून सौदा करू नये. कारण तो भरला नाही तर बँकेचे जप्ती करणारे लोक येतात ते गाडीकडे येतात, आणि गाडी त्या वेळी आपल्या दारात असते.

क्रमांकाच्या पहिल्या अक्षरांनाही अर्थ असतो. गोरेगावच्या रस्त्यांवर अंधेरीच्या कार्यालयाचे एमएच-०२ आणि बोरिवलीच्या कार्यालयाचे एमएच-४७ अशी दोन पासिंगे मुख्यत्वे दिसतात; घाटकोपर-मुलुंडकडे वडाळ्याचे एमएच-०३. यांपैकी कोणतीही गाडी घेण्यात अडचण नाही. परंतु पडद्यावर तीच गाडी, तेच वर्ष, तेच रूप, आणि किंमत मात्र लक्षणीय कमी, असे दिसले की बहुधा तिच्या क्रमांकाच्या आरंभी ‘डीएल’ ही दिल्लीची अक्षरे असतात. राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाने २०१५ साली दिलेल्या आणि सर्वोच्च न्यायालयाने २०१८ साली कायम केलेल्या आदेशांमुळे दिल्ली परिसरात १० वर्षांवरील डिझेल आणि १५ वर्षांवरील पेट्रोल गाड्यांवर गंडांतर आले, आणि तेथील उतरत्या वयाच्या गाड्या स्वस्त दराने इतर राज्यांकडे वाहू लागल्या. अशी गाडी महाराष्ट्रात आणावयाची तर तेथील कार्यालयाचे नमुना २८ मधील ना-हरकत प्रमाणपत्र हवे, येथे नवा क्रमांक घ्यावा लागतो, आणि येथील मोटार वाहन कर भरावा लागतो. तेथे भरलेल्या कराचा परतावा मूळ मालकाने मागावयाचा असतो, आणि गाडी विकून मोकळ्या झालेल्या माणसाकडून ती यातायात करून घेणे सोपे नसते. हे सारे हिशेबात धरले म्हणजे स्वस्ताई बरीच ओसरते.

नोंद स्वच्छ निघाली म्हणजे मग गाडी पाहावयास जावे. संकेतस्थळे २०० मुद्द्यांची तपासणी केल्याचे प्रशस्तिपत्र दाखवतात, आणि त्यांतल्या काही खरोखर परिश्रमपूर्वक केलेल्या असतात. तथापि मुंबईच्या उपनगरांतील गाडीला एक खास व्याधी असते, ती त्या प्रशस्तिपत्रात शोधून सापडत नाही. ती व्याधी म्हणजे पुराचे पाणी. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझच्या वेधशाळेत २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस मोजला गेला, तेव्हा ओशिवरा आणि मिठी या नद्यांच्या काठांवरील तळमजले व वाहनतळ पाण्याखाली गेले, हे या भागातील प्रौढ माणूस विसरलेला नाही. तो दिवस अपवादात्मक होता. परंतु अंधेरीचा भुयारी मार्ग आणि सखल रस्ते दर पावसाळ्यात भरतात, आणि दर पावसाळ्यानंतर काही गाड्या वाळवून, धुऊन, सुगंधी फवारे मारून बाजारात येतात. अशा गाडीचे इंजिन सुरू होते, पत्रा चकाकतो, छायाचित्रे उत्कृष्ट येतात. बिघडलेले असते ते आतले वायरिंग, आणि ते सहा महिन्यांनी बोलू लागते.

ती ओळखण्यासाठी मोठे यंत्रज्ञान लागत नाही. पुढच्या आसनाचा पट्टा, जेवढा रोज ओढला जातो तेवढाच न ओढता, पूर्ण शेवटपर्यंत बाहेर काढावा. जो भाग सदैव गुंडाळलेला राहतो त्याच्यावर मातकट रेघ उमटलेली असेल तर पाणी तेथवर चढले होते. आसनाखालच्या सरकपट्ट्यांवर आणि त्यांच्या बोल्टांवर गंज आहे काय, हे हात घालून पाहावे, कारण धुणाऱ्याचा हात सहसा तेथे पोहोचत नाही. डिकीतले जादा चाक उचलून त्याखालच्या खोलगट जागेत चिखलाचा थर चाचपावा. मागच्या चटईची कड उचलून नाकाजवळ न्यावी. हे करताना विक्रेता अस्वस्थ होत असेल तर त्याचीही मनात नोंद घ्यावी.

किलोमीटरचा आकडा हा दुसरा विश्वासघातकी विषय. ‘मीटर मागे करणे’ हा प्रकार काट्यांच्या मीटरबरोबर संपला असे समजू नये. इलेक्ट्रॉनिक मीटरही मागे करता येतो. आकडा खरा की खोटा हे सांगणारे साक्षीदार गाडीच्या अंगावरच असतात. टायरच्या बाजूवर चार अंकांची एक खूण असते : ‘२३१९’ याचा अर्थ २०१९ सालच्या २३व्या आठवड्यात तयार झालेला टायर. २०१९ ची गाडी, मीटरवर १८,००० किलोमीटर, आणि चारही टायर २०२३ चे, हे गणित जुळत नाही. कारण इतक्या अल्प धावेत टायर झिजत नाहीत. खिडक्यांच्या काचांवर कंपनीच्या चिन्हाखाली उत्पादनाच्या वर्षाची बारीक खूण असते. सर्व काचा एका वर्षाच्या आणि एकच निराळ्या वर्षाची, असे आढळले तर त्या बाजूला काय घडले होते ते विचारावे. अधिकृत सर्व्हिस सेंटरच्या नोंदीत प्रत्येक खेपेचे किलोमीटर लिहिलेले असतात, त्या मागवाव्या. आणि शेवटी चासी क्रमांक : १७ चिन्हांचा, इंग्रजी आय, ओ आणि क्यू ही अक्षरे वगळलेला, मारुतीचा बहुधा एमए३ ने आणि महिंद्रचा एमए१ ने सुरू होणारा हा क्रमांक पत्र्यावर जेथे ठोकलेला असतो तेथे बोट फिरवून पाहावा. आसपास घासल्याच्या किंवा नव्या वेल्डिंगच्या खुणा असतील, किंवा नोंदणीपत्रातील एक जरी चिन्ह जुळत नसेल, तर गाडी चोरीची असण्याचा संभव असतो, आणि मालविक्री अधिनियम, १९३० चे तत्त्व असे की ज्याच्याजवळ मालकी नाही त्याच्याकडून, काही अपवाद वगळता, आपल्याला मालकी मिळूच शकत नाही. भरलेले पैसे आणि निर्मळ हेतू या दोहोंचाही तेथे उपयोग होत नाही.

आता ज्यांत गाडीच अस्तित्वात नसते त्या व्यवहारांविषयी. त्यांचे कथानक ठरीव असते. विक्रेता लष्करात किंवा विमानतळाच्या सुरक्षा दलात नोकरीस असल्याचे सांगतो, गणवेशातील छायाचित्र व ओळखपत्र पाठवतो, दूरच्या प्रदेशात तातडीने बदली झाल्यामुळे गाडी निम्म्या किमतीत देत असल्याचे कळवतो. गाडी विमानतळाच्या वाहनतळात उभी असल्यामुळे ती बाहेर काढण्यासाठी, अथवा लष्करी वाहतुकीने घरपोच आणण्यासाठी, आधी ५,००० मग १०,००० असे टोकन मागत जातो. गोरेगावच्या माणसाला विमानतळ जवळचा, म्हणून त्याला हे अधिकच खरे वाटते. गणवेशाबद्दल आपल्या समाजात जो आदर आहे त्याचाच गळफास करणारी ही फसवणूक मला विशेष निंद्य वाटते. याउलट आपण विक्रेते असू तर ‘खरेदीदार’ एक चौकटीचे चिन्ह, म्हणजे क्यूआर कोड, पाठवतो, आणि ते स्कॅन करून पिन टाकला की पैसे जमा होतील असे सांगतो. यूपीआयचा पिन पैसे देतानाच लागतो, घेताना कधीच लागत नाही. एवढे एक वाक्य घरातील प्रत्येक वडीलधाऱ्याला समजावून सांगितले पाहिजे. पैसे गेलेच तर लाजेने गप्प न बसता तत्काळ १९३० या क्रमांकावर कळवावे. पहिल्या काही तासांत कळवले तर रक्कम पुढच्या खात्यात गोठवली जाण्याची शक्यता असते, नंतर ती वेगाने क्षीण होते.

विम्याचा भाग थोडक्यात सांगतो. गाडीबरोबर विमाही आला असे खरेदीदार समजतो, ते अर्धेच खरे आहे. कलम १५७ प्रमाणे तृतीय पक्षाच्या भरपाईपुरता विमा हस्तांतराबरोबर नव्या मालकाकडे गेला असे मानतात. परंतु गाडीच्या स्वतःच्या नुकसानीचा विमा तसा जात नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने ‘कंप्लीट इन्शुलेशन्स’ खटल्यात सांगितले आहे. म्हणून १४ दिवसांच्या आत विमा कंपनीकडे अर्ज करून पॉलिसी आपल्या नावावर करून घ्यावी. विनादावा सवलत ही मालकाची असते, गाडीची नव्हे. ती विक्रेत्याबरोबर जाते. आणि पावसाळ्यात पाण्यात बंद पडलेले इंजिन पुन्हा सुरू करण्याच्या प्रयत्नात फुटले, तर साध्या सर्वंकष पॉलिसीत त्याची भरपाई सहसा मिळत नाही. इंजिन संरक्षणाची पुरवणी घेतली असेल तरच मिळते. गोरेगाव-मालाडच्या माणसाने ती घ्यावी, असे माझे स्पष्ट मत आहे.

तक्रार कोठे करावयाची? या प्रश्नाचे उत्तर आपण गाडी कोणाकडून घेतली यावर अवलंबून आहे. दोन खाजगी व्यक्तींमधला सौदा असेल, आणि संकेतस्थळाने केवळ जाहिरात दाखवली असेल, तर ग्राहक कायद्याचा आधार विक्रेत्याविरुद्ध जवळजवळ मिळत नाही. दिवाणी दावा किंवा फसवणुकीची फिर्याद हेच मार्ग राहतात. परंतु कंपनीने स्वतः गाडी विकली असेल, तपासणीचे पत्र दिले असेल, हमी दिली असेल, तर ती व्यापारी आहे आणि आपण ग्राहक आहोत. २० जुलै २०२० पासून अमलात आलेल्या ग्राहक संरक्षण अधिनियम, २०१९ ने येथे मोठा दिलासा दिला आहे : कंपनीचे कार्यालय गुरुग्रामला असो की बंगळुरूला, आपण राहतो त्या जिल्ह्याच्या आयोगाकडे, म्हणजे गोरेगावकराने वांद्र्याच्या मुंबई उपनगर जिल्हा आयोगाकडे, तक्रार दाखल करता येते. त्याच महिन्यात निघालेल्या ई-वाणिज्य नियमांनुसार कंपनीच्या तक्रार अधिकाऱ्याने ४८ तासांत पोच आणि महिन्याभरात निराकरण द्यावयाचे असते. राष्ट्रीय ग्राहक साहाय्यवाणीचा क्रमांक १९१५ आहे. ज्या गोरेगावात मृणाल गोरे यांनी पाण्यासाठी लढा उभारला, आणि जेथून १९७२ नंतरच्या महागाईविरोधी लाटणे मोर्चांना बळ मिळाले, तेथील रहिवाशाला आपल्या हक्कासाठी अर्ज लिहिण्याचा कंटाळा यावा, हे शोभणारे नाही.

नवी गाडी ऑनलाइन घेणाऱ्याला दोनच गोष्टी सांगावयाच्या आहेत. पडद्यावर दिसणारी किंमत ही बहुधा शोरूमची असते; तिच्यावर महाराष्ट्राचा एकरकमी मोटार वाहन कर चढतो, तो पेट्रोलच्या खाजगी गाडीला १०,००,००० रुपयांपर्यंत ११ टक्के, त्यापुढे २०,००,००० पर्यंत १२ आणि त्याहून अधिक किमतीस १३ टक्के; डिझेलला याहून अधिक. विमा व इतर आकार वेगळे. आणि नोंदणी होण्यापूर्वी आपल्याला नेमून दिलेल्या गाडीचा चासी क्रमांक मागून उत्पादनाचा महिना पाहून घ्यावा. नोंदणी झाल्यानंतर हरकत घेणे फार कठीण जाते.

गाडी उभी करण्याच्या जागेचा प्रश्न मात्र कोणतेही संकेतस्थळ विचारीत नाही, आणि उपनगरात तोच सर्वांत बिकट असतो. आपल्या शेजारच्या दहिसर पूर्वेतील आनंदनगरच्या पांचाली सोसायटीच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने ऑगस्ट २०१० मध्ये असा निर्णय दिला की खांबांवरच्या इमारतीखालील वाहनतळाची जागा हा सामाईक भाग असून विकासकाला ती स्वतंत्रपणे विकता येत नाही. म्हणजे ती जागा संस्थेची, आणि वाटप संस्थेच्या ठरावाने. इसार देण्यापूर्वी संस्थेच्या चिटणिसांना भेटून आपल्याला जागा मिळणार की प्रतीक्षा यादीत नाव लिहावे लागणार, याची लेखी माहिती घ्यावी.

शेवटी एक विनंती, आणि ती गाडी घेणाऱ्यांना नसून गाडी विकून बसलेल्यांना आहे. हलक्या खाजगी मोटारीच्या मालकी हस्तांतराचे मूळ शुल्क ३०० रुपये आहे, आणि तेवढ्यासाठी व तेवढ्या आळसासाठी कित्येक गाड्या अजून जुन्याच मालकाच्या नावावर धावत असतात. ज्यांनी मागील काही वर्षांत आपली मोटार कोणाला दिली असेल, मग ती संकेतस्थळाला असो, दलालाला असो की भाच्याला, त्यांनी आज रात्री ‘वाहन’वर तिचा क्रमांक टाकून पाहावा, आणि झाकलेल्या अक्षरांमधून आपलेच नाव डोकावताना दिसले, तर उद्याच नमुना २९ ची खबर आपल्या नोंदणी कार्यालयात दाखल करून तिची पोच जपून ठेवावी.